शिगम्यात म्हणे ‘एवढं चालतंच’

शिगमो जवळ आला की गोव्यात डिचोली-पेडण्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. मिरवणुकीत कुणीतरी मुद्दाम हात लावला, असं एखादी मुलगी सांगते आणि घरातलंच वडीलधारं माणूस तिला समजावतं, “बाय, शिगमो आहे. गर्दीत एवढं चालतंच. मनाला लावून घ्यायचं नसतं.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे खरं. पण असल्या मायेच्या पांघरुणाखालीच हात लावणाऱ्याचं दरवर्षी फावतं.

तर सांगायचं ते एवढंच, की चालत नाही. सणापुरतं रजेवर जाणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. विनयभंगाच्या हेतूने, किंवा विनयभंग होईल हे ठाऊक असताना, स्त्रीवर बळाचा वापर करणं हा कलम 74 खाली गुन्हा आहे. शिक्षा किमान 1 वर्ष, जास्तीत जास्त 5. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं कलम 354 होतं, म्हणजे नव्या कायद्याने काही नवीन जाच आणला असंही नाही.

“पण एवढ्याशा गोष्टीसाठी?” हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. जुलै 1988 मध्ये चंदीगडला एका मेजवानीत पंजाबचे तेव्हाचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी सनदी अधिकारी रूपन देओल बजाज यांना चारचौघांत मागून चापटी मारली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने बाब क्षुल्लक मानून गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये तो निर्णय फिरवला, 1996 मध्ये गिल दोषी ठरले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम ठेवली. मेजवानीच होती, पाहुणे मजेत होते, आरोपी राज्याच्या पोलिसांचा प्रमुख होता. यातलं काहीही बचाव म्हणून टिकलं नाही. मग गुलालाने माखलेला हात कुठून टिकणार?

राहिली गर्दी. रेटारेटीत धक्का लागणं हा गुन्हा नव्हेच. कायदा हेतू आणि जाणीव पाहतो. हा फरक गर्दीत कळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत स्वतःकडेच एकदा बघावं. सोवळ्यातल्या धोंडाला, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्ताला, स्पर्श होऊ नये म्हणून हीच माणसं किती अंग चोरून चालतात! म्हणजे न शिवता चालणं येतं. कुणाच्या बाबतीत जमवायचं, तेवढं आपण निवडून ठेवलेलं असतं.

याच गैरसमजाचा धाकटा भाऊ म्हणजे “ती काही बोलली नाही, म्हणजे चाललं असणार.” न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर 2013 साली बलात्काराच्या कलमात संमतीची व्याख्या आली. आता ती कलम 63 मध्ये आहे. संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही. भीतीने माणूस थिजतो, आवाज फुटत नाही. नशेत काय चाललंय हेच कळेनासं झालेल्या बाईचा होकारही त्या कलमात होकार मानला जात नाही.

“हे सगळं किनाऱ्यावरच्या पार्ट्यांनी आणलं, आमच्या जत्रेत नव्हतं.” डिसेंबर 2024 मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव पेडण्यात धारगळला आला, तेव्हा विरोधकांकडे आवाज, वाहतूक आणि अमली पदार्थांविषयी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण शिगम्याच्या मांडावर जमलेला प्रत्येक जण सज्जन, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

“तक्रार त्याच ठाण्यात, लगेच द्यावी लागते.” नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो आणि अशा गुन्ह्यांत स्त्रीचा जबाब महिला अधिकारीच नोंदवते. चोवीस तासांची अटही नाही. तरी लवकर गेलेलं बरं, सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही.

“पोरं आहेत, खेळतात.” अठराच्या आतल्या मुलाशी वा मुलीशी लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला पॉक्सो कायदा लागतो आणि तिथे मुलाची संमती विचारातच घेतली जात नाही. मदतीसाठी 1098.

एक गैरसमज वेगळ्याच गर्दीचा. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीत किमान सहा भाविक गेले. अशा वेळी माणसं तुडवली जाऊनच मरतात, असा समज आहे. बहुतेक मृत्यू उभ्या-उभ्या छाती दबून, श्वास कोंडून होतात. म्हणून दोन्ही हात छातीपुढे घेऊन श्वासापुरती जागा राखावी, लोंढ्याविरुद्ध जोर लावू नये आणि तिरकं सरकत कडेला यावं.

शिगमोत्सव समित्यांना एक विनंती. ध्वनिक्षेपकावरून प्रायोजकांची नावं रात्रभर वाचली जातातच. त्यांच्यामध्ये दर अर्ध्या तासाने 112 हा मदतीचा क्रमांक आणि महिला पोलीस कुठे उभ्या आहेत, हेही सांगा.