शिंक नाही, तरी ॲलर्जी?

लातूर-नांदेडकडं पावसाळ्यात बांधावर पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसलेलं हे गवत शिंका न आणताही त्रास देतं.

लक्ष ठेवा:
🔸 पापण्या खाजणं, सुजणं
🔸 मान आणि कोपराच्या आतली कातडी काळी, जाड पडणं
🔸 नायट्याचं मलम लावूनही फरक न पडणं
🔸 शेतात गेल्यावर वाढणं, परगावी उतरणं

गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांसोबत हवेतूनही अंगावर बसतं. म्हणून हात न लावणाऱ्यालाही खाज सुटते.

फुलोऱ्याआधीच, हातमोजे घालून उपटा. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड मलम नको. त्वचारोगतज्ज्ञांकडं पॅच टेस्ट होते. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.