वसंतातील दुर्मिळ चतुर

चतुर हा कीटक आपल्या परिचयाचा आहे. पावसाळा ओसरू लागला, की माळरानावर त्याचे थवे भिरभिरताना दिसतात. सगळे चतुर आपल्याला सारखेच वाटतात. परंतु जगात त्यांच्या सुमारे ३,००० जाती आहेत. त्यांतील नेमकी एक जात कशी ओळखावी? उत्तर अमेरिकेतील ‘रिंग्ड बॉगहॉन्टर’ या विरळा चतुराचे उदाहरण पाहू. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७८ साली प्रसिद्ध झाले.

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडपासून पश्चिमेस विस्कॉन्सिनपर्यंत हा चतुर तुरळक ठिकाणी आढळतो. तेथील वनांत स्फॅग्नम नावाच्या शेवाळाने भरलेल्या दलदली असतात. काहींना केवळ पावसाचे व बर्फाचे पाणी मिळते, तर काहींना भूजलाचाही पुरवठा होतो. या शेवाळातील आम्लधर्मी पाण्यात त्याची पिल्ले वाढतात.

ओळखीची पहिली खूण म्हणजे काळ. एप्रिलच्या अखेरीस, झाडांना पुरती पालवीही फुटलेली नसते, तेव्हाच तो उडू लागतो आणि जूनच्या आरंभी दिसेनासा होतो. दुसरी खूण म्हणजे वर्तन. दलदलीलगतच्या वनात, जेथे ऊन पडते अशा खोडावर किंवा जमिनीवर तो बसतो. तिसरी खूण म्हणजे रूप. लांबी सुमारे ३ सेंटिमीटर, डोळे निळसर करडे, चेहरा नारिंगी-तपकिरी आणि काळपट उदरावर ओळीने नारिंगी कडी.

त्याच्यासारखे दिसणारे इतर चतुरही तेथे असतात. ‘व्हाइटफेस’ गटातील चतुरांचा चेहरा पांढराशुभ्र असतो व मागील पंखांच्या मुळाशी काळा डाग असतो. बॉगहॉन्टरचे पंख मात्र स्वच्छ असतात. त्याचाच भाईबंद ‘एबनी बॉगहॉन्टर’ जवळजवळ काळा असून त्याच्या उदराच्या मुळाशीच फिकी कडी दिसतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबून निर्णय घेऊ नये.

इतकी काटेकोर ओळख कशासाठी? दलदल म्हणजे पडीक जागा, असे समजून ती बुजविली जाते, तेथे घरे व रस्ते होतात. येथे एक दुर्मिळ जीव वाढतो, हे सिद्ध झाले, तर त्या जागेच्या रक्षणाला आधार मिळतो. शेवाळावर पिल्लाने टाकलेली कात सापडली, तर तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. चुकीच्या नोंदीमुळे मात्र खरी दलदल दुर्लक्षित राहते. अचूक निरीक्षण ही संरक्षणाची पहिली पायरी आहे.