घडीची होडी घेताय? आधी भार घालून पाण्यात उतरवा



पुण्यात राहून खडकवासला, पानशेत किंवा उजनीच्या पाणफुगवट्यावर मासे धरायला जाणाऱ्यांची पहिली अडचण पाण्यातली नसतेच, ती जमिनीवरची असते. होडी ठेवायची कुठे? धरणाच्या काठी ठेवली तर राखणीला माणूस हवा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की तीच होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. शहरात आणावी म्हटले तर जिथे मोटारसायकल लावायला भांडणे होतात, तिथे होडी कोण लावू देणार? म्हणून हल्ली घडीच्या होडीची चौकशी होऊ लागली आहे. शेततळ्यात मासे पाळणारे शेतकरीही विचारतात, "साहेब, घेऊ का?" घ्या किंवा घेऊ नका, असे एका शब्दात सांगता येत नाही. पण पैसे मोजण्यापूर्वी काय बघायचे, ते नक्की सांगता येते.

कल्पना जुनी, साहित्य नवे

घडीची होडी ही काही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बर्थन नावाच्या एका पाद्र्याने लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून मिटवता येणारी होडी केली होती. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरही घडीच्या बाजू असलेल्या चार होड्या होत्या.

आता कॅनव्हासच्या जागी प्लास्टिकचा जाड पत्रा आला आहे. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या या प्लास्टिकचा गुण असा, की एकाच रेषेवर पुन्हापुन्हा वाकवले तरी ते लवकर तुटत नाही. डब्याच्या झाकणाला असते तसली बिजागरी पत्र्यातच तयार होते. दहा फुटांची होडी मिटली की साधारण चार इंच जाडीच्या फळीसारखी होते आणि जीपच्या टपावर बांधता येते. नुसत्या अंगाचे वजन तीस किलोच्या आसपास भरते. मात्र बसायच्या फळ्या, मागची फळी आणि वल्ही वेगळी. दुकानदार वजन सांगतो ते बहुधा नुसत्या अंगाचे असते. तुम्ही सगळ्या सामानासकट काट्यावर घाला.

दुसरा प्रकार हवा भरायच्या रबरी होडीचा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा बचाव पथकांनी अशा होड्यांतून माणसे बाहेर काढली होती. ती भार चांगला पेलते. पण आपल्या धरणांच्या पोटात वेड्या बाभळीची खुंटे, जुन्या विहिरींचे कठडे, पडक्या घरांच्या भिंती आहेत. उजनीचे पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे आपण बघतोच. अशा पाण्यात हलक्या रबराला काटा लागायला वेळ लागत नाही. मासेमारीला त्यापेक्षा प्लास्टिक पत्र्याची होडी बरी.

भाराचा हिशेब घरीच करा

माहितीपत्रकात "दोन माणसे" असे लिहिलेले असते. ती दोन माणसे जाळे टाकत नाहीत, नुसती बसून फिरतात. तुमचा हिशेब वेगळा. दोन माणसांचे १३० किलो धरा. ओल्या फासाच्या जाळ्याचे २५ किलो. कटला, रोहू, चिलापी मिळून ५० किलो. नांगर, दोर, पिण्याचे पाणी आणि डबा यांचे १५ किलो. झाले २२० किलो. एवढा भार घातल्यावरही होडीचा काठ सगळीकडून पाण्याच्या किमान एक वीत वर राहिला पाहिजे. राहत नसेल तर ती होडी गळ टाकून बसणाऱ्या एकट्या माणसासाठी आहे, जाळ्यासाठी नाही.

पाण्यात उतरवून बघण्याची रीत

खरेदीपूर्वी विक्रेत्याला कमरेएवढ्या, संथ पाण्यावर चाचणी द्यायला सांगा. त्याला पटत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. चाचणी या क्रमाने घ्या.

१) जोडणी. स्वतःच्या हाताने करा, विक्रेत्याला हात लावू देऊ नका. एका ओळखीच्या मच्छीमार बांधवाने नवी होडी जोडली तेव्हा मी घड्याळ लावले होते. पहिल्यांदा पाऊण तास गेला, चौथ्या वेळी पंधरा मिनिटे लागली. त्यातही शेवटची फळी बसवताना दोघांचा जोर लागला. तुम्ही एकटे जाणार असाल तर एकट्यानेच जोडून बघा.

२) भार. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून, वजन करून, होडीत मांडा. काठ किती वर राहतो ते काठीने मोजा.

३) उभे राहणे. गोण्या काढून एका माणसाने मध्ये उभे राहून जाळे ओढल्यासारखे एका बाजूला वाकावे. या होडीचा तळ पायाखाली थोडा लवतो, त्याने घाबरू नका. पण काठ पाण्याला टेकू लागला तर बसूनच जाळे ओढावे लागेल, हे समजून चला.

४) वारा. हलकी होडी वाऱ्यावर पाचोळ्यासारखी वाहते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दोनशे पावले वल्हवून या. दम लागून थांबलात तर किती मागे आलात ते बघा.

५) पाणी भरणे. ही चाचणी बहुतेक जण टाळतात आणि खरी गरज तिचीच आहे. काठाजवळ होडीत बादलीने काठोकाठ पाणी भरा. मग दोघांनी बाहेरून तिला धरून पाय सोडा. काय होते ते डोळ्यांनी बघा.

"बुडत नाही" हे अर्धसत्य

विक्रेते सांगतात, हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून होडी बुडत नाही. पहिला भाग खरा आहे. पण हिशेब करा. तीस किलो पॉलिप्रॉपिलीन साधारण तेहतीस लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे उचलण्याची जादा ताकद उरली फक्त तीन किलो. नटबोल्टांचे वजन धरले की तीही कमी होते. पाण्याने भरलेली ही होडी स्वतः कशीबशी तरंगेल, तुम्हाला धरणार नाही.

उपाय सोपा आहे. फळ्यांच्या खाली आणि दोन्ही टोकांना थर्माकोलचे किंवा फोमचे ठोकळे कापडी पिशवीत घालून घट्ट बांधा. एक घनफूट ठोकळा पाण्यात सत्तावीस किलोच्या आसपास उचल देतो. असे किमान तीन ठोकळे हवेत. काही कंपन्या फोम बसवूनच देतात. तो कुठे आणि किती आहे हे दाखवायला सांगा. तरीही प्रत्येकाच्या अंगात, वजनाला साजेसे, बंद बांधलेले लाइफ जॅकेट पाहिजेच. होडीत उशाला ठेवलेले जॅकेट कामाचे नाही.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाणफुगवट्यात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती तर घडीच्या होडीपेक्षा मोठी होती. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळिवाचे ढग दिसले की जाळे पाण्यातच सोडा आणि काठ गाठा. जाळे दुसऱ्या दिवशी सापडते.

शेततळ्यासाठी घ्यावी का?

तीस बाय तीस मीटरच्या शेततळ्याला होडीची गरज नाही. खाद्य काठावरून टाकता येते, ओढजाळे दोन्ही काठांवरून दोराने ओढता येते. तळे त्याहून बरेच मोठे असेल, किंवा दोन-तीन ठिकाणी तळी असतील, तर हलकी होडी उपयोगी पडते. मात्र पाचशे मायक्रॉनच्या अस्तराला होडीच्या तळाचा बोल्ट घासला तर अस्तर फाटते. उतरवायच्या जागी जुनी ताडपत्री किंवा गोणपाट अंथरा. अस्तराचा उतार ओला झाला की त्यावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून होडी असो-नसो, चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा.

परवानगी आणि पैसा

होडी तुमची असली तरी पाणी तुमचे नाही. धरणाच्या पाण्यात होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे, हेही आधी विचारा. खडकवासल्याच्या ज्या भागाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द लागते, तिकडे फिरकूच नका. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिनाच्या होडीला नोंदणी आवश्यक केली. बिनइंजिनाच्या होडीचे नाव स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नोंदवण्याची तरतूदही त्यात आहे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असे मदतीचे सूत्र ठेवले गेले. तुमच्या वेळी कोणती योजना चालू आहे, तिच्यात घडीची होडी बसते का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. मंजुरीचा कागद हातात पडण्याआधी खरेदी करू नका.

किंमत बघताना नुसता आकडा बघू नका. समजा होडी साठ हजारांची आहे आणि तुम्ही वर्षाला तीस दिवस जाता. पाच वर्षे टिकली तर दिवसाला चारशे रुपये पडले. एवढ्यात काठावरच्या माणसाची होडी भाड्याने मिळत असेल तर विकत कशाला? आणि विकत घेतलीच तर फळी, बिजागरी, ठोकळे हे सुटे भाग पुण्यात मिळतात का ते पावती करण्यापूर्वी विचारा. वापरानंतर होडी धुऊन, पुसून, सावलीत ठेवा. उन्हाने हे प्लास्टिक ठिसूळ होते. घडीच्या रेषेवर चीर दिसली की ती होडी पाण्यात नेऊ नका.

थोडक्यात, सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारा, मोठी शेततळी असलेला शेतकरी, किंवा आज या तलावावर, उद्या त्या तलावावर जाणारा माणूस यांना घडीची होडी सोयीची आहे. उजनीच्या रुंद पाण्यावर रोज रात्री जाळी लावून पोट भरणाऱ्याने मात्र आपली जड, रुंद होडी सोडू नये. घडीचा फायदा जमिनीवर, परीक्षा पाण्यात. ती परीक्षा पैसे देण्याआधी घ्या.