घोडा कोणाचा? : पोलो-संघांचे कागद कसे वाचावे

पोलो हा इतिहाससंशोधकाच्या अभ्यासाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका कित्येक वाचकांस येणें साहजिक आहे. श्रीमंतांची करमणूक आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांतील चार ओळी, एवढीच या खेळाची ओळख आपल्याकडे आहे. परंतु ज्या खेळाचें वर्णन एका चालुक्य नृपतीच्या संस्कृत ग्रंथांत आढळतें, अकबराच्या दरबारच्या फारसी ग्रंथांत आढळतें आणि ज्याचा पुरावा आज प्रादेशिक संघांच्या कपाटांतील वह्यांत पडून आहे, त्याची उपेक्षा करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. संघांच्या वार्ता व शिक्षणक्रम यांतून इतिहास कसा काढावा, एवढेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्यासाठीं लागणारी किल्ली आपल्याच दप्तरांत आहे. मराठी लष्करांत स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस येणारा तो शिलेदार, व सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पागेचे कागद वाचणारा संशोधक ‘घोडा कोणाचा?’ हा प्रश्न प्रथम विचारतो. कारण स्वाराचा दर्जा, पगार व स्वातंत्र्य हीं सारीं त्याच्या उत्तरावर अवलंबून असत. हाच प्रश्न पोलोच्या कागदांस विचारावा. खेळाडू कसा तयार झाला, हें त्यावरून कळतें.

प्रथम मानसोल्लास घेऊं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा असून त्याचा पहिला भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत १९२५ सालीं श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केला. यांतील वाह्यालीविनोदाच्या प्रकरणांत घोड्यावर बसून काठीनें चेंडू मारण्याचा, दोन पक्षांचा खेळ वर्णिला आहे. प्रकरण राजाच्या विनोदांत घातलेलें आहे, हें लक्षांत ठेवावें. येथें क्रीडांगण राजाचें, अश्वशाळा राजाची आणि खेळणारे त्याच्या परिवारांतले. आमच्या परिभाषेंत हे सर्व बारगीर होत.

आईन-इ-अकबरींतील चौगानाचें वर्णन याहून तपशीलवार आहे. एका वेळीं दहांहून अधिक खेळाडू मैदानांत नसत. परंतु पुष्कळ जण सज्ज होऊन बाहेर उभे असत, व एक घटका लोटली कीं दोघे विसांवा घेत आणि दुसरे दोघे त्यांची जागा घेत. रात्रीच्या खेळासाठीं पळसाच्या लांकडाचे पेटते चेंडू वापरीत, कारण तें लांकूड हलकें असून पुष्कळ वेळ जळतें. अबुल फजल या खेळास नुसती करमणूक मानीत नाहीं. माणसाची पारख होते, बलवान पुरुष अश्वारोहणांत निपुण होतो आणि घोडा चपळ होऊन लगाम मानूं लागतो, असा त्याचा अभिप्राय आहे. यांत स्वार व घोडा या दोघांच्याहि शिक्षणाचा विचार आहे. ज्यास आज खेळाडू घडविण्याची योजना म्हणतात, तिचें बीज येथें स्पष्ट दिसतें.

मणिपुरांतील प्रकार मात्र निराळा होता. तेथील ‘सगोल कांग्जेइ’ या खेळांत सगोल म्हणजे घोडा. प्रत्येक पक्षांत सात खेळाडू असतात. गोलाचे खांब नसतात. चेंडू, जो बांबूच्या मुळाचा करितात, प्रतिपक्षाची शेवटची रेषा ओलांडून गेला म्हणजे गोल झाला. इंफाळच्या कांगला किल्ल्यांतील मनुङ कांग्जेइबुंग हें मैदान राजघराण्यासाठीं होतें, तर किल्ल्याबाहेरील मापाल कांग्जेइबुंग सर्वांसाठीं. तट्टू बाळगण्याचें सामर्थ्य असलेला सामान्य गृहस्थहि खेळे. तट्टू लहान, काटक, आणि पाणथळ कुरणांत चरून वाढणारें; त्यामुळें तें बाळगण्यास मोठी दौलत लागत नसे. दरबाराचा आश्रय होताच, परंतु खेळाचा पाया गांवोगांवच्या शिलेदारांवर होता. या देशांत हा खेळ जेथें खऱ्या अर्थानें लोकांचा होता, अशा थोड्या स्थळांत मणिपूर अग्रगण्य होय.

ब्रह्मी स्वाऱ्यांमुळें कछारांत येऊन राहिलेल्या मणिपुरी लोकांकडून इंग्रज अधिकारी हा खेळ शिकले. १८५९ सालीं सिलचर येथें व १८६२ सालीं कलकत्त्यास क्लब निघाले. पुढें १८९२ सालीं इंडियन पोलो असोसिएशन स्थापन झाली. या नव्या खेळांत पक्ष चौघांचा झाला आणि खेळाचे ‘चक्कर’ ठरले. हा शब्द आपलाच. इंग्रजींत जाऊन त्याचा उच्चार पालटला इतकेंच. चक्कर साधारण सात मिनिटांचा, परंतु भरधांव धांवण्यामुळें प्रत्येक चक्कराला घोडा बदलावा लागतो. म्हणजे एका सामन्यास एका खेळाडूस निदान दोन, बहुधा त्याहून अधिक घोडे हवेत. नव्या पोलोंतला शिलेदार धनाढ्यच असावा लागतो, तो या कारणानें.

वार्ता वाचतांना आणखी एक खूण ध्यानांत ठेवावी. प्रत्येक खेळाडूस उणे दोनपासून दहापर्यंत एक अंक दिलेला असतो. त्यास ‘गोल’ म्हणतात, तरी तो त्यानें केलेल्या गोलांचा हिशेब नव्हे. ती त्याच्या योग्यतेची किंमत आहे. ‘आठ गोलांची स्पर्धा’ म्हणजे चौघांच्या अंकांची बेरीज आठांच्या वर नसावी, अशी स्पर्धा. एखाद्या संघाच्या वीस वर्षांच्या याद्या हातीं आल्या, तर कोण केव्हां शून्यावरून वर चढला, कोण वर्षानुवर्षें उणे एकवरच राहिला, हें त्यांतून निश्चित करितां येतें. खेळाडूंच्या घडणीचा याहून प्रामाणिक पुरावा दुसरा नाहीं.

संस्थानी काळांत घोडा पुन्हा दरबारचा झाला. जयपूरच्या महाराजा मानसिंगांच्या चमूनें १९३३ सालीं इंग्लंडांत मोठ्या स्पर्धा एकामागून एक जिंकल्या, त्या यशामागें संस्थानाची अश्वशाळा होती. संस्थानें विलीन झाल्यावर ती व्यवस्था टिकणें शक्य नव्हतें. ग्वाल्हेर, म्हैसूर इत्यादि संस्थानांच्या घोडदळांचे अवशेष एकत्र करून १९५३ सालीं जें पथक उभें राहिलें, तेंच पुढें एकसष्टावें घोडदळ म्हणून प्रसिद्धीस आलें, आणि जयपुरास राहून त्यानें पोलोचे अनेक खेळाडू तयार केले. शिंदेशाही पागेचा एक धागा असा आजच्या मैदानापर्यंत पोंचतो. सैन्यांतील नवशिका सरकारी घोड्यावर शिकतो; तो आमच्या जुन्या अर्थानें बारगीरच.

आतां मणिपुराकडे पुन्हा वळूं. तेथील राज्य १८९१ च्या युद्धानंतर ब्रिटिशांच्या अंकित झालें, आणि पुढें खेळ सांभाळण्याचें काम हळूहळू संघांकडे आलें. मणिपूर हॉर्स रायडिंग अँड पोलो असोसिएशन ही त्यांतील प्रमुख होय. राज्यस्थापनादिनाच्या निमित्तानें २०१६ पासून इंफाळास स्त्रियांची स्पर्धा सुरू झाली, तींत परदेशच्या खेळाडू येऊन मणिपुरी तट्टांवर बसून खेळल्या. शिकणाऱ्या मुलामुलींची तेथें वाण नाहीं. वाण आहे ती तट्टांची. पशुगणनेप्रमाणें मणिपुरी तट्टें २००३ सालीं १,८९८ होतीं, २०१२ सालीं १,१०१ उरलीं आणि २०१९ सालीं १,०८९. लांफेलपाट यांसारखीं पाणथळ कुरणें वस्तीनें व इमारतींनीं व्यापलीं, आणि चरण्यास जागा न उरलेलीं तट्टें शहराच्या रस्त्यांवर कचरा चिवडूं लागलीं. सरकारनें २०१६ सालीं तट्टांच्या संरक्षणाचें धोरण जाहीर केलें, आणि अश्वदेव मर्जिंग याच्या हैंगांग टेकडीवर २०२३ च्या जानेवारींत पोलो खेळणाऱ्या स्वाराच्या सुमारें १२० फूट उंच पुतळ्याचें अनावरण झालें. पुतळा उभा राहिला, हें ठीकच. परंतु पुतळ्यास कुरण लागत नाहीं, तट्टास लागतें.

यावरून जो सिद्धांत निघतो तो असा. खेळाचे नियम ग्रंथांत टिकतात, विजयाच्या कथा लोकांच्या तोंडीं टिकतात. पण खेळाडूंची परंपरा घोडा मिळण्याच्या व्यवस्थेवर टिकते. ती व्यवस्था राजाची असो, सैन्याची असो वा गांवच्या कुरणाची, ती मोडली कीं शिक्षणक्रम कागदावर राहतो. म्हणून एखाद्या संघाचा वृत्तांत हातीं पडेल तेव्हां चषक कोणीं जिंकला हें मागाहून पहावें. नवशिक्यास घोडा कोणीं दिला, चंदी-वैरणीचा खर्च कोणाच्या नांवें पडला, किती घोडीं व शिंगरें नोंदलीं गेलीं, हें प्रथम पहावें.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच. पेशवे दफ्तरांतील चंदीचे हिशेब आज आपण जपून ठेवितों; लिहिले गेले तेव्हां तीं रद्दीचींच पानें होतीं. संघांच्या सभांच्या वह्या, खेळाडूंच्या अंकांच्या याद्या, तबेल्यांचे जमाखर्च आणि घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदी आज त्याच अवस्थेंत आहेत. पोथी जीर्ण झाली तर तिची दुसरी प्रत कोठेंतरी सांपडण्याची आशा असते; या वह्यांची बहुधा एकच प्रत असते. ज्यांच्या गांवीं अथवा ज्यांच्या घराण्यांत असे कागद असतील, त्यांनीं ते वाळवीच्या आधीं आपल्या हातीं घ्यावे.