प्रथमोपचार शिकवणारा घडवायचा, तर कोर्स पारखून घ्या

निपाणी, चिकोडी, संकेश्वर ते बेळगाव या आपल्या पट्ट्यात अपघात काही सांगून येत नाहीत. उसाच्या फडात कोयता लागतो. गुऱ्हाळावर उकळता रस अंगावर सांडतो. मळणी यंत्रात बोटे सापडतात. फवारणीचे औषध अंगावर येते. विहिरीत पोर पडते. बांधावर कुणाला पान लागते. हायवेवर, विशेषतः तवंदी घाटात, गाड्या एकमेकींवर आदळतात. अशा वेळी दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न असतो.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामात प्रथमोपचार शिकवू शकेल असा एक तरी माणूस असावा, असे आम्हांला वाटते. एकाने शिकले तर एका घराला उपयोग होतो. एकजण शिकवू लागला तर साऱ्या गावाला. पण याची दुसरी बाजूही आहे. शिकवणाराच चुकीचे शिकून आला, तर त्याची चूक पन्नास घरांत पोचते. म्हणूनच त्याला कोणत्या कोर्साला पाठवायचे याचा विचार फी भरण्याआधी करायला हवा.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. दंशाच्या वर करकचून दोरी आवळावी, ब्लेडने चीर द्यावी, तोंडाने विष ओढून काढावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज हे तिन्ही उपाय घातक मानले जातात. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावे, एवढेच करायचे असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, तेव्हा साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. जो कोर्स अजून दोरी आवळायला शिकवतो, तो कितीही स्वस्त असला तरी महागच पडेल.

या विद्येचे आपल्या श्रद्धेशी जुने नाते आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स संस्था सुरू झाली व सामान्य माणसांना प्रथमोपचार शिकवू लागली. ते पाहून एस्मार्क नावाच्या जर्मन शल्यविशारदांनी १८८२ साली कील शहरात तसेच काम उभे केले, आणि त्या वर्गांना नावच दिले शोमरोन्यांची शाळा. म्हणजे प्रथमोपचाराचे शिक्षण मुळातच डॉक्टर नसलेल्या माणसांसाठी आहे. शेतकऱ्याने, गृहिणीने ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणू नये.

आता कोर्साकडे वळू. पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही की, प्रथमोपचार करणे आणि प्रथमोपचार शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आधी साधा कोर्स पुरा करून परीक्षा द्यावी. नंतर काही काळ सराव करावा. मगच शिक्षकाच्या कोर्साला जावे. एकाच दिवसात कोऱ्या माणसाला शिक्षक करून हातात प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

चौकशी कुठे करावी? आपल्या देशात या कामातल्या दोन जुन्या संस्था म्हणजे सेंट जॉन अँब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस. रेडक्रॉस आपल्याकडे १९२० च्या कायद्याने स्थापन झाली व तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पहिली विचारपूस जिल्हा शाखेत करावी. तिथे सोय नसेल तर बेंगळुरूच्या राज्य शाखेला पत्र घालावे. या संस्थांच्या प्रथमोपचारात जखमा, हाड मोडणे, भाजणे, विषबाधा, बुडणे असे सगळेच विषय येतात, म्हणून शेतकरी गावाला तो पाया चांगला.

दुसरा प्रकार आहे हृदय व श्वास बंद पडल्यावर काय करावे हे शिकवणाऱ्या कोर्सांचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कोर्स तिने मान्य केलेल्या केंद्रांत चालतात. शिक्षक होण्यासाठी आधी तिचा मूळ कोर्स पास व्हावा लागतो, मग शिक्षकाचा कोर्स करावा लागतो, आणि त्यानंतर पहिला वर्ग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली घ्यावा लागतो. कार्डाची मुदत दोन वर्षे असते. ही शिस्त आम्हांला फार पटते. मात्र यांतले बरेच कोर्स नर्स-डॉक्टरांसाठी असतात, तेव्हा आपल्या माणसाला कोणता लागू पडतो हे विचारून घ्यावे. आपल्या देशातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची सोपी पद्धतही ठरवण्यात आली. तिच्या वर्गांची माहिती मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात विचारावी. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे.

पण इथे एक भेद समजून घेतला पाहिजे. चालता-बोलता माणूस एकाएकी कोसळला, तर मिनिटाला १०० ते १२० वेळा नुसती छाती दाबत राहिल्यानेही जीव वाचू शकतो. विहिरीतून काढलेल्या मुलाचे तसे नसते. त्याच्या शरीरातला प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून त्याला छातीदाबाबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. म्हणून शेतकऱ्यांच्या गावात शिकवणाऱ्याला दोन्ही यायला हवे.

फी भरण्यापूर्वी कोर्स चालवणाऱ्यांना पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला: हाताने किती काम करायला मिळते? छाती दाबायच्या एका पुतळ्यामागे किती शिकणारे असतात? चाळीसजणांत एक पुतळा असेल, तर बहुतेकांना नुसते पाहून परतावे लागेल.

दुसरा: प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवावा लागतो का, आणि तो पाहून चुका कोण सांगतो? हे नसेल तर तो शिक्षकाचा कोर्सच नव्हे.

तिसरा: पुस्तक कोणत्या साली सुधारलेले आहे? प्रथमोपचाराचे नियम बदलत असतात. जुन्या पुस्तकावर भिस्त नको.

चौथा: शिकवण्याची व परीक्षेची भाषा कोणती? आपल्याकडे घरात मराठी किंवा कोंकणी, कचेरीत कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी तऱ्हा. उमेदवाराला कळेल अशी भाषा पाहिजेच. शिवाय शिकलेले त्याला फडातल्या मजुराला सोप्या बोलीत सांगता आले पाहिजे.

पाचवा: शेतातले अपघात शिकवतात का? कीटकनाशकाची बाधा झाली तर रोग्याला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणपाण्याने धुवावे, मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये आणि औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी. मदत करणाऱ्याने आपल्या हाताला औषध लागू देऊ नये. तंबाखूच्या ओल्या पानांतून निकोटीन कातडीवाटे अंगात जाते. मळमळ, भोवळ आली की काम थांबवून अंग धुवावे. मोटारीचा शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी वीज बंद करावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड पाणी सोडावे, त्यावर टूथपेस्ट फासू नये. हे सारे शिकवणारा कोर्स आपल्या कामाचा.

सहावा: मुदत किती, आणि पुन्हा उजळणी होते का? वापर नसेल तर हात काही महिन्यांतच विसरतो.

कुणाला पाठवावे, याचाही विचार व्हावा. केवळ शिकलेला तरुण नको. उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला तर शिकलेली विद्याही त्याच्याबरोबर जाईल. गावात टिकून राहणारा, शांत स्वभावाचा, लोक ज्याचे ऐकतात असा माणूस निवडावा. एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी पाठवली तर फार उत्तम, कारण बाया बाईजवळ मोकळेपणी शिकतात. धर्मग्रामात नर्स असलेली एखादी सिस्टर किंवा भगिनी असेल, तर तिचा सल्ला अवश्य घ्यावा.

शिक्षकाने वर्गात आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. कर्नाटक असो की महाराष्ट्र, रुग्णवाहिकेचा नंबर १०८ हाच आहे. आणि रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, ही भीती आता धरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. फी, प्रवास, आणि परत आल्यावर सरावासाठी एक पुतळा, एवढी तजवीज हवी. एका धर्मग्रामाला हे जड वाटेल. शेजारच्या दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून पुतळा घेतला व आळीपाळीने वापरला तर भार हलका होईल. गळिताचा हंगाम सुरू होण्याआधी हे झाले, तर फडात माणसे उतरण्यापूर्वी पहिला वर्ग घेता येईल. येत्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या फादरांशी व धर्मग्राम समितीशी याविषयी बोलावे, ही वाचकांना आमची विनंती.