कौंडण्यपूरची वाट आणि वाटेवरचें ताट

शेतकऱ्यानें गांव सोडून बाहेर पडावें तें बाजारासाठीं, कोर्टकचेरीसाठीं, सोयरिकीसाठीं किंवा देवदर्शनासाठीं; नुसता रस्ता पाहण्यासाठीं आणि वाटेवरचें अन्न खाण्यासाठीं प्रवास करणें ही रिकामपणाची चैन होय, अशी आपणांकडे समजूत आहे. फ्रान्स देशांतील शेतकऱ्यांस मात्र दुसऱ्यांची ही चैन चांगलीच फळली आहे. त्या देशाच्या पूर्व सीमेवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. तेथें मार्लेनहाइमपासून थानपर्यंत सुमारें १७० किलोमीटरचा एक रस्ता डोंगरउतारावरील द्राक्षमळ्यांतून, खेड्यामागून खेडें घेत जातो. १९५३ सालीं त्या रस्त्यास 'द्राक्षमद्याची वाट' असें नांव देण्यांत आलें. प्रवासी मोटारीनें येतो, एखाद्या गांवीं उतरतो, मळेवाल्याच्या तळघरांत त्याच्याच द्राक्षांचें मद्य चाखतो, तेथलाच पाव व चीज खातो आणि चार बाटल्या विकत घेऊन पुढच्या गांवीं जातो. माल बाजारांत न्यावा लागत नाहीं; बाजारच मळ्यांत चालत येतो.

आपल्या वऱ्हाडांत अशी वाट कोणती, असा विचार करितां आम्हांस प्रथम कौंडण्यपूरची आठवण झाली, आणि गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तिघे जण अमरावतीहून तिकडे निघालों.

कौंडण्यपूर म्हणजे पुराणांतील कुंडिनपूर, विदर्भाची जुनी राजधानी, असें परंपरा मानते. रुक्मिणीहरणाची कथा घरोघरीं ठाऊक आहे. परंतु रस्ता आणि रसोई यांची गांठ घालणारी कथा म्हटली तर ती वनपर्वांतील नलोपाख्यानाची होय. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ बाहुक नांवाच्या कुरूप सारथ्यानें एका दिवसांत कुंडिनपुरास आणला. वाटेंत राजाचें उपरणें पडलें; तें उचलावें असें तो म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढें गेला होता. नगरांत पोंचल्यावर दमयंतीनें बाहुकानें शिजविलेलें अन्न दासीकरवीं आणवून चाखलें व त्या चवीवरून हा नलच, असें ओळखलें. रूप पालटलें, नांव पालटलें, पण हाताची चव पालटली नाहीं. वऱ्हाडाच्या अन्नासंबंधानें पुढें जें लिहावयाचें आहे, त्यास ह्याहून चांगली प्रस्तावना आम्हांस सुचत नाहीं.

अमरावतीहून सरळ वाटेनें कौंडण्यपूर सुमारें ४० किलोमीटर आहे. आम्ही थोडा वळसा घेऊन नागपूरच्या हमरस्त्यानें मोझरीवरून गेलों. तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं स्थापिलेल्या गुरुकुंज आश्रमांत क्षणभर थांबलों, आणि तिवशाहून कुऱ्ह्याकडे वळलों. हमरस्ता सुटला कीं डोळे निवतात. दोहों बाजूंस काळी जमीन, तिच्यावर फुटलेल्या पऱ्हाटीचा पांढरा शुभ्र विस्तार, मधून मधून शेंगांनीं वांकलेली तूर, आणि सोयाबीन निघून गेलेल्या वावरांत नुकताच उगवलेला हरभरा. वेचणीच्या बाया पाठीवर फडकीं बांधून ओळीनें सरकत होत्या. बाभळीच्या सावलींत कापसाचे बोद भरले जात होते. फ्रान्सचे द्राक्षमळे चित्रांत पाहून हुरळणाऱ्या मंडळींनीं एकदां ही वाट सकाळीं आठाच्या सुमारास पाहावी.

परंतु शेतकऱ्याचा डोळा नुसत्या शोभेवर ठरत नाहीं. आम्ही ज्वारी शोधीत होतों, आणि तिवशापासून कुऱ्ह्यापर्यंत ज्वारीचीं वावरें बोटांवर मोजण्याइतकींहि भरलीं नाहींत. एके काळीं पऱ्हाटी आणि ज्वारी हीं ह्या मुलखाचीं बैलजोडीसारखीं पिकें होतीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. तेव्हांपासून पऱ्हाटी पैशासाठीं आणि ज्वारी पोटासाठीं, अशी वांटणी पडली. माणसांस भाकर, बैलांस कडबा, आणि हिंवाळ्यांत पाहुण्यांस हुरडा, असा तिचा तिहेरी उपयोग होता.

कुऱ्ह्याच्या पुढें एका परिचित शेतकऱ्याच्या वावरांत आमचें जेवण ठरलें होतें. यजमान साठी उलटलेले, पंधरा एकरांचे धनी. नऊ एकरांत पऱ्हाटी व तूर, बाकींत सोयाबीन काढून हरभरा. ज्वारी म्हणाल तर धुऱ्याकडेचीं दहा-बारा तासें, पोळ्यानंतर पेरलेलीं, केवळ घरच्या हुरड्यापुरतीं. वावरांत गोवऱ्यांची आगटी पेटविलेली होती. कोंवळीं कणसें निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून, फुंकून, हिरवे गरम दाणे समोर येत होते. सोबत लसणाची तिखट चटणी आणि गूळ. हुरडा हें असें अन्न आहे कीं तें वावरांतच खावें लागतें. कणीस कापलें कीं त्याची गोडी उतरूं लागते, आणि भाजलेला दाणा निवाला कीं अर्धी चव गेली. द्राक्षमद्य बाटलींत भरून देशोदेशीं धाडतां येतें. हुरड्यासाठीं खाणाऱ्यालाच वाट तुडवावी लागते. रस्त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हुरडा हा मद्याहून सरस माल ठरतो!

मग रोडगे आले. जाड दळलेल्या कणकेचे गोळे त्याच गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खरपूस भाजलेले, राख झटकून, फोडून वर साजूक तूप. त्यांसोबत वांग्याची झणझणीत भाजी, घट्ट वरण, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि अंबाडीची आंबट चटणी. ह्यांतील तेल, मीठ, गूळ सोडले तर बहुतेक सर्व त्याच शिवारांतलें. पंधरा एकरांत पिकलेलें सोयाबीन मात्र त्या ताटांत कोठेंहि नव्हतें. ज्या पिकानें निम्मा वऱ्हाड व्यापला, त्याचा एकहि पदार्थ वऱ्हाडी चुलीवर अद्याप रुळला नाहीं, ही गोष्ट आम्हांस जेवतांनाच प्रथम नीट उमगली.

निघतांना आम्हीं पैसे पुढें केले. यजमानांची मुद्रा एकदम पालटली. "पाव्हन्याच्या ताटाचे पैसे घ्याचे काय भाऊ? मंग गावात तोंड कसं दाखवाव?" असें ते म्हणाले, आणि उलट तुरीच्या शेंगांची एक पिशवी आमच्या गाडींत टाकली. आमच्यांतील एका सोबत्यास ही वृत्ति फार थोर वाटली. दुसऱ्याचें मत निराळें पडलें. तो म्हणाला, "ह्याच गृहस्थानें महिन्यापूर्वीं सोयाबीन बाजारांत नेलें, तेव्हां ओलाव्याच्या नांवाखालीं भाव कापला गेला आणि यांनीं मुकाट्यानें घेतला. जेथें दुसरा भाव ठरवितो तेथें लाज नाहीं, आणि जेथें भाव स्वतः ठरवितां येईल तेथें लाज!" आम्हांस दोघांचेंहि पटतें, आणि खरी अडचण येथेंच आहे. ह्या गांवाची तर ओळखच अन्नदानाची आहे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आषाढीस पंढरपुरास जाते. ती परंपरा १५९४ सालापासून सांगतात. वाटेवरचीं गांवें वारकऱ्यांस जेवूं घालतात, आणि त्या पंगतीचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. त्या अन्नास कोणीं भाव लावावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वारकरी निराळा आणि शहरांतून मोटारीनें मौजेसाठीं येणारा निराळा. दुसऱ्याकडून रास्त दाम घेतल्यानें पहिल्याचा धर्म बुडत नाहीं.

फ्रान्सच्या शेतकऱ्यासहि हें शहाणपण सुखासुखीं आलेलें नाहीं. १८६० नंतर फिलॉक्सेरा नांवाच्या मुळें खाणाऱ्या किडीनें तेथील द्राक्षमळे उजाड केले. अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमें बांधून ते पुन्हा उभे करावे लागले. मळे सांवरले तों साखर-पाण्याचें बनावट मद्य व बाहेरचा माल यांनीं भाव पाडला. १९०७ सालीं दक्षिणेकडील लांग्दोक प्रांतांत लाखों मळेवाले रस्त्यावर आले, नार्बोन येथें लष्करानें गोळीबार केला व माणसें मेलीं. त्यानंतर भेसळीविरुद्ध कायदा झाला, आणि १९३५ सालीं अमुक गांवाचें नांव त्याच गांवच्या द्राक्षांच्या मद्यास लावतां येईल, अशी कायदेशीर व्यवस्था झाली. आल्सासची वाट आंखली गेली ती ह्या सर्वांनंतर. आपल्याकडेहि १९९९ चा भौगोलिक निर्देशांचा कायदा आहे. नागपूरच्या संत्र्यास २०१४ सालीं व वर्धा जिल्ह्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं तो मान मिळाला. म्हणजे नांवाचा उपयोग आपल्या शेजाऱ्यांस कळूं लागला आहे.

ज्वारी कां गेली, ह्याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. १९६४ सालीं सी. एस. एच. १ हें संकरित वाण आलें व पीक वाढलें. पण अशीं लवकर निसवणारीं वाणें परतीच्या पावसांत सांपडून दाणा काळा पडूं लागला आणि बाजारांत त्यास कोणी विचारीना. पुढें ट्रॅक्टर आले, बैल घटले, कडब्याची गरज कमी झाली. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतें, दिवाळीला हातांत रोकड देतें आणि हरभऱ्यास वावर मोकळें करितें. शिवाय सगळा शिवार सोयाबीनचा असतां मध्येंच कोणी अर्धा एकर ज्वारी पेरली, तर दहा गांवांचीं पांखरें, रानडुकरें आणि रोही त्या अर्ध्या एकरावर तुटून पडतात. आमच्या यजमानांच्या बारा तासांपैकीं चार तासें पांखरांनींच नेलीं होतीं.

दुपार कलतांना कौंडण्यपुरास पोंचलों. वर्धा नदीच्या कांठीं पांढरीची उंच टेकडी, विठ्ठल-रुक्मिणीचें देऊळ, खालीं नदीचें विस्तीर्ण पात्र. १९६२ ते १९६४ च्या सुमारास डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं येथें उत्खनन केलें, त्यांत इसवी सनापूर्वींपासूनच्या वस्तीचे थर उघडे झाले. नदी ओलांडली कीं आर्वीकडचा वर्धा जिल्हा लागतो, आणि तेथें १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तेव्हां फ्रान्सची दुसरी निम्मी गंमत ह्या वाटेवर मिळावयाची नाहीं. आम्हांस तिची उणीव भासली नाहीं. यजमानीण बाईंनीं बरोबर दिलेलें ताक आणि वाटेंत घेतलेलीं आंबिया बहाराचीं संत्रीं घाटावर बसून संपविलीं.

ह्या वाटेवर ज्यांच्या जमिनी आहेत त्या बंधूंस आमची सूचना अशी. एकट्यानें ज्वारी पेरूं नये. लगतच्या सात-आठ जणांनीं दहा-दहा गुंठे एकमेकांस लागून पेरावे, म्हणजे पांखरांचें नुकसान वांटलें जाईल व राखणदार एकच पुरेल. वाण हुरड्याचें निवडावें. गूळभेंडीसारखीं जुनीं वाणें आहेत, आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठानेंहि हुरड्यासाठीं स्वतंत्र वाणें काढलीं आहेत. राज्य सरकारचें २०२० चें कृषि पर्यटन धोरण आहे, त्याची माहिती तालुक्याच्या ठिकाणीं विचारावी. ताटाचा भाव सर्वांचा मिळून एकच असावा व पाटीवर लिहावा. म्हणजे तोंडानें पैसे मागण्याचा संकोच कोणास पडणार नाहीं. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेपासून संक्रांतीपर्यंत पाहुणा येतो असें धरून पेरणी एकदम न करितां भाद्रपदापासून आठ-आठ दिवसांच्या अंतरानें तुकड्यातुकड्यांनीं करावी, कारण एका तुकड्यांतील कणीस हुरड्याच्या अवस्थेंत फार तर आठवडाभर राहतें. त्यानंतर दाणा टणक होतो व तो भाकरीलाच लागतो.