साबणाच्या वडीतला कॉस्टिक सोडा

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याबरोबर साबणाची नवी वडीही न्हाणीघरात येते. काही वड्यांच्या वेष्टनावर ‘सोडियम हायड्रॉक्साइड’ हे नाव वाचून गृहिणी दचकतात. तुंबलेल्या मोरीत ओततात तोच हा कॉस्टिक सोडा! मग तो अंगाला कसा चालावा?

नीट केलेल्या वडीत तो उरतच नाही. तेल आणि सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते. १ किलो खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम सोडा लागतो. जाणता कारागीर सोडा त्याहून किंचित कमीच घालतो, म्हणजे तो पुरता खपतो. तरीही साबणाचा सामू ९ ते १० असतो, त्वचेचा सुमारे ५. म्हणून कोरड्या कातडीने तो बेतानेच वापरावा.

खरा धोका आहे तो घरी साबण करताना. सोडा थंड पाण्यात हळूहळू घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले वर्ज्य. मुलांना दूर ठेवावे. थेंब उडालाच, तर लिंबू चोळत बसू नये; वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे. डोळ्यात गेल्यास धुऊन तडक दवाखाना गाठावा. कारण हा सोडा कातडीतल्या स्निग्धांशाचाही साबणच करू लागतो!